होम हेल्थ चालू असताना आउटपेशंट थेरपीचं बिल: या चुका टाळा

पुण्यात किंवा नवी मुंबईत रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या क्लिनिकांचे क्लेम (विम्याकडे पाठवलेली बिलं) पाहणाऱ्यांना हे डिनायल, म्हणजे बिल नाकारणं, ओळखीचं असेल. ९७११० या व्यायाम-थेरपीच्या कोडचं बिल आहे, फिजिकल थेरपी दाखवणारा जीपी मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) आहे, मिनिटांवरून काढलेले युनिट बरोबर आहेत, तरी मेडिकेअरकडून (अमेरिकी सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) रिमार्क कोड, म्हणजे कारण सांगणारा कोड, येतो एन७०. मग टीम कोडिंग उकरत बसते. तिथे काही सापडत नाही, कारण अडचण तिथे नसतेच. त्या तारखेला पेशंट होम हेल्थ एजन्सीच्या (घरी नर्स, थेरपिस्ट पाठवणारी संस्था) प्लॅन ऑफ केअरखाली, म्हणजे लेखी उपचार योजनेखाली, असतो.

ओरिजिनल मेडिकेअरमध्ये (सरकार थेट पैसे देतं ती योजना) १ ऑक्टोबर २००० पासून होम हेल्थचं पेमेंट एजन्सीला एकठोक मिळतं आणि त्यासोबत कन्सॉलिडेटेड बिलिंग (एकत्रित बिल) लागू होतं; एन७० त्याकडेच बोट दाखवतो. फिजिकल, ऑक्युपेशनल आणि स्पीच या तिन्ही थेरपी त्या रकमेत धरलेल्या असतात. जानेवारी २०२० पासून पेमेंट ३० दिवसांच्या हिशोबाने होतं, पण सर्टिफिकेशन (डॉक्टरची मान्यता) अजून ६० दिवसांचंच आहे. या काळात डॉक्टरने स्वतः दिलेली थेरपी सोडली, तर बाकी कोणीही थेरपी दिली तरी मेडिकेअरला बिल एजन्सीनेच करायचं. थेरपिस्टची खासगी प्रॅक्टिस असो की हॉस्पिटलचा आउटपेशंट विभाग, त्यात फरक पडत नाही.

‘आजार वेगळा आहे’ हा युक्तिवाद

एजन्सीची नर्स पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करते, आमच्याकडे पेशंट खांद्यासाठी येतो, मग आमचं बिल वेगळं का नाही? ऐकायला पटतं, पण नियमात निदानाला जागाच नाही. एजन्सी एकही थेरपी व्हिजिट देत नसली तरी प्लॅन ऑफ केअर चालू आहे तोवर थेरपी तिच्याच खात्यात जाते. ५९ किंवा केएक्स हे मॉडिफायर लावूनही हे सुटत नाही. केएक्स थेरपीच्या वार्षिक खर्चमर्यादेसाठी आहे (२०२५ साली फिजिकल आणि स्पीच मिळून २,४१० डॉलर, ऑक्युपेशनलसाठी तेवढीच वेगळी होती). त्याचा इथे संबंध नाही. अशा क्लेमवर अपील लिहिण्यात वेळ घालवू नये.

एलिजिबिलिटी (पेशंटला विमा लागू आहे का) एकदाच पाहणं

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. पहिल्या व्हिजिटला फ्रंट डेस्क मेडिकेअर चालू आहे का बघतो, हिरवा टिक दिसला की पुढच्या बारा व्हिजिट ठरतात. त्याच स्क्रीनवरचा होम हेल्थचा भाग उघडून कोणी बघतच नाही. तो उघडला तरी तेवढ्याने भागत नाही. जानेवारी २०२२ पासून एजन्सीला पेशंट घेतल्याची, म्हणजे ॲडमिशनची, नोटीस मेडिकेअरला द्यावी लागते, तिला सगळे एनओए म्हणतात. ती केअर सुरू झाल्यापासून पाच कॅलेंडर दिवसांत पाठवायची असते. म्हणजे सोमवारी केअर सुरू झाली असेल तर बुधवारी तुमच्या स्क्रीनवर काहीच नसू शकतं. एजन्सीने उशीर केला तर तिचं पेमेंट दर दिवसामागे एक तीसांश कापलं जातं, पण उशिरा आलेली नोटीसही सुरुवातीच्या तारखेपासूनच लागू होते. तोवर तुमचे क्लेम पास झालेले असतात आणि मग रिकुपमेंटचं, म्हणजे दिलेले पैसे परत घेण्याचं, पत्र येतं. पेमेंटसोबत एन८८ हा रिमार्क कोड दिसला तर ते पैसे सशर्त आहेत, म्हणून ते पोस्ट करताना (खात्यात नोंदवताना) खूण करून ठेवा.

म्हणून तपासणी तीन वेळा करा: अपॉइंटमेंट देताना, प्रत्येक व्हिजिटच्या सकाळी आणि क्लेम सोडण्याआधी. आणि पेशंटला नुसतं ‘होम हेल्थ आहे का?’ विचारून उपयोग नाही. पुष्कळ ज्येष्ठांना तो शब्दच माहीत नसतो. ‘घरी नर्स, थेरपिस्ट किंवा आंघोळ घालायला कोणी येतं का? शेवटचं कधी आलं?’ असं विचारा, आणि उत्तर तारखेसह इन्टेक फॉर्मवर लिहून घ्या.

एपिसोड (होम हेल्थचा कालावधी) उघडाच राहिलेला

पेशंटला एजन्सीने १० तारखेला सोडलं, तुमच्याकडे तो १४ ला आला, तरी क्लेम अडकला. बहुतेक वेळा कारण एजन्सीच्या शेवटच्या बिलात असतं: एक तर ते गेलेलंच नसतं, किंवा डिस्चार्ज स्टेटस ०१ (घरी सोडलं) च्या जागी ३० पडलेलं असतं. ३० म्हणजे ‘पेशंट अजून आमच्याकडे’. तसं असलं की मेडिकेअरच्या सिस्टिममध्ये कालावधी लवकर बंद होत नाही.

इथे पेअरला, म्हणजे मेडिकेअरला, फोन करून फारसं काही निघत नाही. फोन एजन्सीच्या बिलिंगला करा. एलिजिबिलिटीच्या उत्तरात एपिसोडच्या तारखा आणि एजन्सीचा क्रमांक असतो, तिथून ती शोधता येते. डिस्चार्जची तारीख विचारा आणि डिस्चार्ज समरी फॅक्सने मागवा. बिल गेलं नसेल तर ते शेवटचं बिल (टाइप ३२९) कधी जाणार ते लिहून घ्या, स्टेटस चुकलं असेल तर दुरुस्तीच्या बिलाने (टाइप ३२७) ते बदलायला सांगा. नोटीस पाठवली पण एकही व्हिजिट झाली नाही असं निघालं, तर त्यांना टाइप ३२डी ने ती नोटीस रद्द करावी लागते. कालावधी बंद झालेला स्क्रीनवर दिसल्यावरच क्लेम पुन्हा पाठवा, आधी पाठवलात तर तेच डिनायल परत येईल. क्लेम पाठवण्याची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची आहे, एजन्सीच्या ‘पुढच्या आठवड्यात करतो’ने ती लांबत नाही.

तोंडी ठरवलेला व्यवहार

घरी नेता येणार नाहीत अशी उपकरणं लागत असतील तर एजन्सी पेशंटला बाहेरच्या केंद्रात पाठवू शकते. पण मग बिल एजन्सी करते आणि केंद्राला पैसे एजन्सीने द्यायचे. यासाठी पहिल्या व्हिजिटआधी लेखी करार हवा. त्यात दर, किती व्हिजिट, नोट किती दिवसांत द्यायची आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे सगळं असू द्या. करार नसताना सेवा देऊन मागून इन्व्हॉइस पाठवलं तर एजन्सी सरळ हात वर करते, आणि कागदावर तिचं बरोबरच असतं.

डिनायल आल्यावर घाईने पेशंटला स्टेटमेंट पाठवणं ही त्याच्या पुढची चूक. आधी ग्रुप कोड (रक्कम कोणी सोसायची ते सांगणारा) पाहा. सीओ असेल तर ती रक्कम पेशंटकडून मागता येत नाही. होम हेल्थच्या थेरपीवर पेशंटला काही भरावं लागत नाही, आउटपेशंट थेरपीवर डिडक्टिबलनंतर (आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम) २० टक्के भरावे लागतात. त्यामुळे चुकून आधी घेतलेला कोइन्शुरन्सही (हेच २० टक्के) परत करायचा असतो, हे पुष्कळदा विसरलं जातं.

थेरपी घरी दिली म्हणजे होम हेल्थ, असंही नाही. प्लॅन ऑफ केअर नसेल तर खासगी थेरपिस्ट मेडिकेअरच्या पार्ट बी खाली (आउटपेशंट सेवांचा भाग) प्लेस ऑफ सर्व्हिस १२ (पेशंटचं घर) लावून बिल करू शकतो. उलट, एजन्सीने प्लॅन ऑफ केअरबाहेर थेरपी दिली तर तिचं बिल टाइप ३४एक्स वर जातं, ३२एक्स वर नाही.