जुन्या गाडीत मूळ रेडिओ परत बसवताय? या चुका टाळा

चाळीस वर्षं माळ्यावर पडून रेडिओ मरत नाही. तो मरतो गाडीत परत बसवल्यावर, पहिल्या दहा मिनिटांत. हौस म्हणून मी हे काम बरीच वर्षं करतोय. रविवारी सकाळी दारात कुणीतरी कापडी पिशवी घेऊन उभं असतं आणि वाक्य ठरलेलं असतं: "काल लावला, थोडा वेळ छान वाजला, मग वास आला." यातल्या "छान वाजला"वर माझा आता विश्वास राहिलेला नाही. वास मात्र खरा असतो, पिशवीलाही येतो.

पहिला प्रश्न मी रेडिओबद्दल विचारतच नाही. गाडीचं अर्थिंग कुठलं, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, ते विचारतो. त्यावर लोक माझ्याकडे दयेनं बघतात. बॉडीला निगेटिव्ह असणार, त्यात विचारायचं काय? पण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं आणि त्या काळचे रेडिओही त्याच हिशेबानं बनलेले असायचे. त्यात पुढे कुठल्या मेकॅनिकनं अल्टरनेटर टाकताना बॅटरी उलटी करून ठेवली असेल, तर गाडीचं पुस्तक एक सांगतं आणि बॉडी दुसरंच.

पुण्यात डेक्कनच्या एका काकांची मॉरिस मायनर अशीच होती. वडिलांच्या वेळची गाडी, रेडिओमोबाइल कंपनीचा मूळ सेट काकांनी जपून ठेवलेला. बसवायचं काम भाच्याकडे, भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पोरगं हुशार, मीटर लावून त्यानं बरोबर ओळखलं की गाडी आता निगेटिव्ह अर्थ आहे आणि रेडिओ पॉझिटिव्ह अर्थचा. इथे थांबून कुणाला विचारलं असतं तर हा लेख थोडा छोटा झाला असता. पण त्याला शॉर्टकट सुचला. रेडिओच्या पत्र्याला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, म्हणजे तो बॉडीला कुठे टेकायला नको. मग रेडिओच्या बॉडीला बॅटरीचं प्लस दिलं आणि सप्लायच्या वायरला मायनस. कागदावर अगदी बरोबर! रेडिओ चालूही झाला, खरखर ऐकू आली, काकूंनी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली.

मग त्यानं अँटेनाची पिन खोचली.

अँटेनाच्या केबलवर जी जाळी असते, तिचं एक टोक रेडिओच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि दुसरं मडगार्डला. पत्र्यावर प्लस, मडगार्डवर मायनस. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. पण होल्डरमधल्या काचेच्या फ्यूजवर कुण्या पूर्वजानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती. फ्यूज राहिला शाबूत आणि डॅशबोर्डखालून धूर. बॅटरीचं टोक काढायला पाना हवा, पाना डिकीत, डिकीची किल्ली घरात. गंमत म्हणजे रेडिओला काहीही झालं नाही, कारण सगळा करंट पत्र्यावरून जाळीत गेला, आतल्या सर्किटला त्यानं हातही लावला नाही. जळालं ते गाडीचं वायरिंग. ते नव्यानं करायला तीन आठवडे गेले.

म्हणून माझी सवय अशी: कशालाही हात लावण्याआधी मीटरचं एक टोक बॉडीच्या उघड्या पत्र्यावर आणि दुसरं आळीपाळीनं बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. जिथे शून्य दाखवेल ते अर्थ. ते चिकटपट्टीवर लिहून पट्टी रेडिओलाच चिकटवायची. गाडीचं आणि रेडिओचं अर्थ जुळत नसेल तर रेडिओ आतून बदलून घ्या. काही रेडिओमोबाइल सेटना पोलॅरिटी बदलायची सोय कंपनीनंच दिलेली असते, ती आधी शोधा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटला उलटा सप्लाय एकदाच द्यावा लागतो, दुसऱ्यांदा द्यायला तो उरत नाही. आणि चांदी गुंडाळलेला फ्यूज दिसला तर तो फेकून द्या, आठवण म्हणूनसुद्धा ठेवू नका.

दुसरी चूक अधीरपणाची. रेडिओ माळ्यावरून थेट डॅशबोर्डात. अहो, आधी टेबलावर तरी वाजवून बघा! आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकलेले असतात. टापकीर गल्लीत नवे मिळतात आणि पूर्ण सेटचे मिळून मिसळीच्या दोन प्लेटांपेक्षा फार जास्त होत नाहीत. ट्रान्झिस्टर सेट पहिल्यांदा चालू करताना मी सप्लायच्या वायरमध्ये ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाकतो. आत शॉर्ट असलाच तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, बल्ब लख्ख पेटतो आणि आपण बंद करतो. मंद लाल राहिला तर पुढे जायचं. व्हॉल्व्हच्या सेटला ही युक्ती लावू नका, त्याची भूक मोठी असते. आणि तो तापायला अर्धा मिनिट घेतो, तेवढ्यात "मेला वाटतं" म्हणून बटणं पिरगाळत बसू नका.

स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही. आउटपुटचा ट्रान्झिस्टर नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. जुळणारा ट्रान्झिस्टर शोधायला मग जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारत बसा.

व्हॉल्यूम खरखरतो म्हणून गंज काढायचा स्प्रे आत मारायचा नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

जुन्या जर्मन गाडीचा रेडिओ "काहीच पकडत नाही" म्हणून आणतात, तेव्हा आधी कुठलं बटण दाबलंय ते बघा. एल म्हणजे लाँग वेव्ह, आणि लाँग वेव्हवर भारतात प्रक्षेपणच नाही. एम, म्हणजे मीडियम वेव्ह, दाबा. यू म्हणजे त्यांचं एफएम. जपानहून आलेल्या जुन्या गाडीच्या रेडिओचं एफएम ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतच, त्यावर १०१ चं विविध भारती लागणार नाही. डायलवर आकडे मीटरमध्ये असतील तर ३,००,००० ला किलोहर्ट्झनं भागा. आपलं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ३७८.८ मीटर.

आता अँटेना. यावर मी तासभर बोलू शकतो, घरचे बोलू देत नाहीत.

एक प्रीमियर पद्मिनी आली होती, नुकताच रंग काढून. रंग असा की दाढी करावी. रेडिओ लागायचा, पण पुणे केंद्रसुद्धा दबक्या आवाजात, आणि इंजिन चालू केलं की नुसती टकटक. मालकांनी तोवर तिघांकडून रेडिओ उघडून घेतला होता. तिसऱ्यानं तर कमालच केली. आत पत्र्याच्या छोट्या डब्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर स्क्रूसारखं काहीतरी दिसतं. ते "ढिले" होते, म्हणून त्यानं सगळे घट्ट पिळले. ते स्क्रू नव्हेत हो! आयएफ ट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे स्टेशनचा सिग्नल वेगळा गाळणाऱ्या कॉइलचे, गाभे आहेत ते, फॅक्टरीत मोजून लावलेले. एक वळसा इकडेतिकडे झाला की रेडिओ बहिरा. आधी केंद्र दबक्या आवाजात तरी लागायचं, आता तेही गेलं. ४५५ किलोहर्ट्झला सिग्नल जनरेटर लावून ते सगळे पुन्हा जागेवर आणायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. एक गाभा पिळून तडकला होता, तो वेगळाच.

आणि मूळ दुखणं? अँटेनाचा पाया नव्या रंगावर बसवलेला. रंग म्हणजे इन्सुलेटर. पाया मडगार्डच्या उघड्या पत्र्याला भिडला नाही तर जाळीला अर्थ मिळत नाही आणि इंजिनचा सगळा कचरा रेडिओत येतो. मी सँडपेपर काढला तसा मालकांचा चेहरा पडला. "नव्या रंगाला घासणार?" खालच्या बाजूनं घासतात, दिसत नाही. दातेरी वॉशर, वर थोडं ग्रीस. दहा मिनिटांत टकटक निम्म्यावर आली. उरलेली इग्निशन कॉइलच्या कंडेन्सरनं गेली. हा कंडेन्सर स्विचकडून वायर येते त्या टोकाला लावायचा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या टोकाला लावला तर ठिणगीच बिघडते. डायनामोलाही लागतो, पण एफ लिहिलेल्या टोकाला कधीच नाही. टकटक म्हणजे इग्निशन, रेस केल्यावर चढणारी शिट्टी म्हणजे डायनामो किंवा अल्टरनेटर, एवढं कानानं कळतं.

केबल कमी पडली म्हणून टीव्हीची केबल जोडणारे भेटतात. दिसायला सारखीच, पण तिची कपॅसिटन्स जास्त असते, आणि जुन्या रेडिओत अँटेना आणि केबल मिळूनच पहिलं ट्यूनिंग होतं. त्यासाठी अँटेनाच्या पिनेजवळ एक छोटा ट्रिमर, म्हणजे फिरवून जुळवायचा कंडेन्सर, असतो. रेडिओ गाडीत बसल्यावर, अँटेना पूर्ण वर काढून, डायलच्या १४०० किलोहर्ट्झच्या बाजूला एखादं दुबळं स्टेशन पकडून तो फिरवायचा. दिवसा तिथे फारसं काही सापडत नाही, म्हणून मी हे रात्री नऊनंतर करतो, तेव्हा लांबची स्टेशनं येतात. जवळचं दणदणीत स्टेशन लावून ट्रिमर फिरवण्यात अर्थ नाही, फरकच कळत नाही.

बसवताना मागची आधारपट्टी "असू दे, पुढचे दोन नट पुरे आहेत" म्हणून टाकून देऊ नका. सगळं वजन पुढच्या क्रोमच्या पट्टीवर येतं आणि आपल्या रस्त्यांवर ती महिन्याभरात तडकते. नट हातानं, मग पान्यानं पाव वळसा, बस.

डॅशबोर्ड कापून आधी कुणी कॅसेट प्लेअर घातलेला असेल, तर पत्रा जोडायला चांगला डेंटर शोधा, घाई नको. आणि सेटचा गाभा काढून आत ब्लूटूथची पाटी घालणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये. रिकामा डबा नाना पेठेत स्वस्तात मिळेल.

बसवून झाल्यावर स्टेशनची बटणं लावा: बटण बाहेर ओढायचं, स्टेशन लावायचं, पूर्ण आत दाबायचं. आणि कात्रजच्या बोगद्यात आवाज गेला म्हणून मला फोन करू नका. तिथे मीडियम वेव्ह जातेच. पलीकडे निघालात की येईल परत.