बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर पहिली नोकरी: खान्देशातल्या मुलामुलींसाठी

निकाल लागला की पदवी प्रमाणपत्राची वाट बघत घरी बसू नका. ते पदवीदानानंतर हातात येतं. तोवर शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकांवर मुलाखती देता येतात. आधी नाव तेवढं तपासा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि पॅनवर वडिलांचं नावच नाही, असं असलं की पुढे पीएफची केवायसी अडकते. आधार आणि पॅनवरचं नाव आत्ताच अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक पाइप आणि ठिबकचे कारखाने आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत सरकीच्या तेलाच्या गिरण्या आहेत. औषधं आणि रसायनांच्या जागा मात्र अंकलेश्वर-वापीकडेच जास्त. भुसावळ-सुरत लाइन अमळनेर, नंदुरबारवरूनच जाते, त्यामुळे गुजरात वाटतो तेवढा लांब नाही. पहिली दोन वर्षं तिकडे काढायची तयारी असेल, तर निवड करायला वाव मिळतो.

बायोडाटा एक पानाचा करा. ‘मेहनती, प्रामाणिक’ सगळेच लिहितात. तुमच्या हातांनी काय केलंय ते लिहा: ‘पीएच मीटर 4, 7 आणि 9.2 बफरवर कॅलिब्रेट केला.’ न केलेलं लिहू नका, पुढचा प्रश्न नेमका त्यावरच येतो.

क्यूसीच्या (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या) मुलाखतीत मुलं बहुतेक टायट्रेशनवरच अडकतात. एक लिटर 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं कराल? ‘4 ग्रॅम’ सगळे सांगतात. मग ते स्टँडर्डाइज का करायचं, म्हणजे त्याची नेमकी ताकद का तपासायची? कारण ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, वजनावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, अचूक वजन करता येणारं आम्ल) घ्यायचं: त्याच्या 0.4 ग्रॅमला, द्रावण बरोबर 0.1 नॉर्मल असेल तर, सुमारे 19.6 मिली लागतं. जास्त लागलं तर द्रावण कमी ताकदीचं. हे आकडे कागद न बघता सांगता यायला हवेत. तेलगिरणीत फ्री फॅटी ॲसिड काढतात तेही याच टायट्रेशनने. प्रॅक्टिकलला चौघांत एकानेच ब्युरेट धरली आणि बाकीच्यांनी रीडिंग उतरवलं असेल, तर कॉलेज सोडण्याआधी सरांना विनंती करून दोन दिवस लॅबमध्ये स्वतः बसा. एवढी तयारी दुसऱ्या कुठल्याच कोर्समधून होत नाही.

पगार ठरवताना तीन गोष्टी विचारा: हातात किती येणार, कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, आणि रात्रपाळी आहे का. नोकरीत मूळ पगाराच्या साधारण 12 टक्के पीएफ कापला जातो. ॲप्रेंटिसला स्टायपेंड असतो, पीएफ नसतो. म्हणून ऑफर लेटरवर ‘ट्रेनी’ आहे की ‘ॲप्रेंटिस’ ते नीट वाचा.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं, तर तिथूनच परत फिरा. मूळ कागदपत्रंही कुणाकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, फाइल घेऊन घरी या.