सायकॉलॉजीला जाताय? आधी पाच जणांचं प्रमाण विचलन काढा

‘सायन्स झेपलं नाही ना? मग सायकॉलॉजी घे, गणित नसतं त्यात.’ पीयुसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीत हा सल्ला फुकट मिळतो. तो ऐकून आलेली मुलं संख्याशास्त्राच्या पहिल्याच पेपरला अडकतात. प्रवेशाआधी जे दोन महिने मिळतात, ते तिथंच खर्ची घाला.

कॉलेज निवडताना दोन गोष्टी विचारा: प्रयोगशाळा आहे का, आणि शेवटच्या वर्षापर्यंत मानसशास्त्राचे किती पेपर आहेत. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, चार वर्षांचा जुना हिशेब धरून बसू नका. पुढे एम.ए.ला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ दोन्ही जवळ. कोल्हापूरला जायचं तर टी.सी.बरोबर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र लागतं. या प्रमाणपत्रांचे अर्ज पदवीचा निकाल लागताच टाका.

आता संख्याशास्त्र. सूत्रं पाठ करून ते येत नाही, स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर येतं. बारा शब्दांची यादी करा, दोन सेकंदांना एक शब्द या वेगानं वाचून दाखवा आणि एका मिनिटात आठवतील तेवढे लिहायला सांगा. घरातले, शेजारचे पाच जण पुरेत.

यादीतच पहिली चूक होते. ‘कुंदा’, ‘मांडे’, ‘करदंट’ एकत्र घातले की एकामागून दुसरा आपोआप आठवतो. मग तुम्ही स्मरणशक्ती मोजत नाही, मिठाईचं दुकान मोजता. मराठी आणि कन्नड याद्यांची तुलना करायची असेल तर ‘चहा’सारखे दोन्हीकडे चालणारे शब्द काढून टाका आणि शब्दांची लांबी सारखी ठेवा. हर्मान एबिंगहाउसनं स्मरणावरचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले, त्यात त्यानं निरर्थक अक्षरगट वापरले ते ओळखीच्या शब्दांची ही लुडबुड टाळण्यासाठीच.

समजा आकडे आले ४, ६, ७, ८, १०. सरासरी ७. प्रत्येकातून ७ वजा करा: −३, −१, ०, १, ३. यांची बेरीज शून्य येते आणि कुठलेही आकडे घेतले तरी शून्यच येणार, म्हणून वर्ग करायचे: ९, १, ०, १, ९. बेरीज २०, पाचानं भागून ४, वर्गमूळ २. हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण किती लांब पांगली आहेत त्याचं माप.

पुस्तकात कधी पाचानं भागतात, कधी चारानं, आणि इथं निम्मा वर्ग हात टेकतो. या पाच जणांपुरतंच बोलायचं असेल तर पाचानं भागा. या पाचांवरून अख्ख्या गल्लीचा अंदाज करायचा असेल तर चारानं. सरासरी याच पाचांतून काढलेली असल्यामुळे पांगापांग खऱ्यापेक्षा कमी दिसते. चारानं भागून ती तूट भरून काढायची. मग विचलन २.२४ येतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर या दोन्हींची बटणं वेगळी असतात. चुकीचं दाबलं की पुढची सगळी गणितं चुकतात, आणि चूक कुठं झाली ते सापडतही नाही.

आता सांगा, आठ शब्द आठवणारा हुशार का? विचलन २ असेल तर तो चारचौघांसारखाच. अर्धा असेल तर तोच आठ खूप पुढचा. बऱ्याच बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी १०० आणि विचलन १५ धरतात. १३० म्हणजे दोन विचलनं वर, त्याच्या पुढे शंभरात जेमतेम दोघं. हा हिशेब वेगवेगळ्या आकड्यांवर वीस वेळा हातानं करा. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टींचे आकडे एकमेकांबरोबर किती बदलतात त्याचं माप, त्यानंतर सोपा जातो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी संज्ञांची वही ठेवावी. प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्या नको, आपलं उदाहरण लिहा.

नोकरीबद्दल दोन गैरसमज आधी काढून टाका. औषधं लिहून देतो तो सायकिअ‍ॅट्रिस्ट, त्याला एम.बी.बी.एस. लागतं, तुम्ही तो होणार नाही. आणि नुसत्या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी हवी. एम.फिल.ची जुनी वाट बंद होऊन नव्या पदव्या येत आहेत, तेव्हा फी भरण्याआधी परिषदेची मान्यता स्वतः तपासा. शनिवार-रविवारच्या ‘काउन्सेलिंग सर्टिफिकेट’वर ही नोंदणी मिळत नाही. घरबसल्या एम.ए. करू म्हणणाऱ्यांसाठी: २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सांगितलं आहे. क्लिनिकलखेरीज शाळेतलं समुपदेशन, कंपनीतलं एच.आर., नेट ही पात्रता परीक्षा देऊन कॉलेजात शिकवणं या वाटा आहेतच.

कन्नड टाळू नका. खानापूरचा माणूस मराठीत बोलेल, बैलहोंगलचा कन्नडमध्येच मन मोकळं करेल. पण इंग्रजी चाचणी समोर धरून प्रश्न जागेवरच मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारायचे, हे करू नका. प्रश्नाचे शब्द बदलले की त्याची काठिण्यपातळी बदलते, आणि ती १०० ची सरासरी ज्या गटावर ठरली त्या गटाशी समोरच्या मुलाची तुलनाच उरत नाही. त्या भाषेत प्रमाणित केलेली चाचणी मिळते का ते शोधा. नसेल तर अहवालात आकडा न लिहिता फक्त निरीक्षण लिहा.