अक्कलदाढ काढलीय आणि परत फुंकायचंय? या चुका टाळा

गेल्या वर्षी माझी खालची उजवी अक्कलदाढ काढली. आडवी अडकलेली होती, थोडं हाड कापून दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागली, वर तीन टाके. काढली गुरुवारी आणि रविवारी हळदीची सुपारी, म्हणजे वाजवायचं बोलावणं. मी दिवसा नोकरी करतो आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, आणि सीझनमध्ये नाही म्हणायची सवय आमच्या लाइनमध्ये कुणालाच नसते. मास्तरांचा फोन आला, "लेका, दाढच काढलीस ना, ओठ तर जागेवर हाय? चार गाणी वाजव, पुढचं ट्रम्पेटवाले बघतील." मी म्हटलं, येतो मास्तर. गोळी घेतलेली होती, दुखत काहीच नव्हतं, आणि चार गाण्यांची चौदा झाली.

रात्री दोनला उठलो. दाढेत नाही, कानात दुखत होतं, कुणीतरी आत स्क्रू पिळतंय असं, आणि तोंडात एक घाण चव. सकाळी डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला आणि म्हणाले खड्डा रिकामा आहे, रक्ताची गुठळी निघून गेलीय, खाली हाड दिसतंय. ड्राय सॉकेट. धुऊन लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत भरली, ती पुढे दोनदा बदलली, आणि क्लॅरिनेट बावीस दिवस पेटीत राहिलं. आता हे वाजवल्यामुळेच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, न वाजवणाऱ्यांनाही ड्राय सॉकेट होतोच, खालच्या दाढेला तर जास्तच. पण मी काय काय केलं ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ज्या गोष्टीवर बोट ठेवलं ती माझ्या डोक्यातही नव्हती.

पहिली चूक हीच. आपण सगळे फुंकण्याला घाबरतो आणि ओढण्याकडे लक्षच देत नाही. क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारा माणूस रीड (माउथपीसला, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या भागाला, लावलेली वेताची पातळ पट्टी) ओली करायला ती तोंडात धरून चोखतो, मधेच माउथपीसमध्ये थुंकी जमून खरखर यायला लागली की सुर्रकन ती आत ओढून घेतो. इतकी सवय की आपण करतोय हे कळतही नाही, मी त्या रविवारी पन्नासेक वेळा तरी केलं असेल. डॉक्टरांनी स्ट्रॉने प्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, मी शहाळंसुद्धा ग्लासात ओतून घेत होतो, आणि इकडे रीड चोखत बसलो होतो! गुठळीला दोन्ही सारखंच, ओढलं की ती सुटू शकते. म्हणून परत सुरू कराल तेव्हा रीड वाटीभर पाण्यात भिजवा, सनईची पत्तीसुद्धा, आणि थुंकी जमली की वाद्य खाली करून फडक्याने पुसा. जोरात थुंकणं आणि खळाखळा चूळ भरणं पण त्यातच आलं. मिठाच्या कोमट पाण्याने चोवीस तासांनंतर चूळ भरायला सांगतात ती हळूच, पाणी तोंडात फिरवायचं आणि मान वाकवून नुसतं पडू द्यायचं.

तंबाखूवर मी जास्त बोलत नाही, बँडमध्ये कोण ऐकतंय. पण तंबाखू आणि सिगरेटने खड्डा भरायला वेळ लागतो, आणि चुना लावलेला बार ताज्या टाक्यांशेजारी ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

दुसरी चूक म्हणजे "किती दिवसांनी वाजवू" एवढंच विचारणं. मी पण तेच विचारलेलं, डॉक्टर म्हणाले तीन-चार दिवस जड काम नको, आणि क्लॅरिनेट जड कामात येतं की नाही हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. दिवसांच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, कुठली दाढ आणि कुठलं वाद्य. बासरीला तोंडातला दाब कमी लागतो, हवा ओठांतून मोकळी बाहेर जाते. क्लॅरिनेट-सॅक्सोफोन मधले. सनई, ओबो (सनईसारखंच विलायती वाद्य) आणि ट्रम्पेट हे सगळ्यात वाईट, बारीक फटीतून हवा दामटायची असते, ट्रम्पेटचे वरचे सूर काढताना मानेच्या शिरा उगाच फुगत नाहीत. माझ्या मते साधी, न कापता निघालेली दाढ असेल तर बासरीवाल्याने आठ-दहा दिवसांनी हळू सुरू करायला हरकत नाही, क्लॅरिनेटला दोन आठवडे धरा, ट्रम्पेट-सनईला तीन. हाड कापलं असेल तर त्यात अजून भर. आणि हे सगळं डॉक्टर हो म्हणाल्यावर. वाद्य सरळ क्लिनिकमध्ये घेऊन जा आणि दाखवा किती जोर लागतो ते, लाजायचं काय त्यात. मी दुसऱ्या वेळी नेलं तर डॉक्टरांनी स्वतः फुंकून बघितलं, सूर काही निघाला नाही, पण त्यांचा चेहरा लाल झाला आणि मग म्हणाले, अहो एवढं असतं होय.

वरच्या दाढेचं प्रकरण वेगळंच आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसला (गालाच्या हाडातली, नाकाला जोडलेली पोकळी) अगदी लागून असतात, मधे कधीकधी कागदाएवढा हाडाचा पापुद्रा असतो, आणि दाढ निघताना तो फाटला तर तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडतं. आमचे एक सनईवाले काका आहेत, मंगलाष्टकांपासून सासरी पाठवणीपर्यंत एकट्याने ओढणारा माणूस, त्यांची वरची डावी काढली. दुसऱ्या दिवशी चहा प्यायला बसले तर चहा डाव्या नाकपुडीतून आला. काकूंना वाटलं ठसका लागला. काकांनी परत घोट घेतला, परत नाकातून. आता या अवस्थेत सनई तोंडाला लावली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. सनईत दम न तोडता वाजवायचं म्हणजे गालात हवा साठवायची आणि ती दाबत असताना नाकाने नवीन श्वास आत घ्यायचा, म्हणजे गाल, नाक आणि सायनस तिन्हींवर एकदम खेळ. त्यांनी तोपर्यंत वाजवलं नव्हतं हे नशीब. भोक लहान होतं, डॉक्टरांनी वर टाके घालून बंद केलं आणि जवळपास दोन महिने सनई नाही म्हणजे नाही. तोपर्यंत नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाक दाबून शिंक आत जिरवायची नाही.

इथे लोक एक आगाऊपणा करतात, नाक चिमटीत धरून जोरात फुंकून बघतात की हवा कुठून निघतेय का. नका करू. ते बघायचं डॉक्टरांचं काम आहे, तुम्ही घरी करून भरत आलेलं परत उघडाल.

आणि चेहरा फुगण्याचा प्रकार. दाढेच्या ताज्या खड्ड्यातून दाबाची हवा कातडीखाली शिरू शकते, मग वाजवता वाजवता गाल किंवा डोळ्याखालची जागा, कधी मानसुद्धा, एकदम टम्म फुगते आणि बोटाने दाबलं की आत चुरमुरे चुरगळल्यासारखं कुरकुर लागतं. हे काही आजचं नाही, दातांच्या डॉक्टरांच्या लिखाणात याची पहिली नोंद १९०० सालची, टर्नबुल नावाच्या माणसाने केलेली, आणि तो पेशंट बिगुल वाजवणारा होता, दात काढल्या काढल्या बिगुल फुंकला होता. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच बिरादरीतल्या माणसाने हा धडा गिरवून ठेवलाय. साधी सूज हळूहळू चढते आणि दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त होऊन उतरते, ही हवेची सूज मिनिटात येते, तेवढा फरक लक्षात ठेवा. आली तर वाद्य खाली आणि लगेच डॉक्टर, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास वाटला तर थेट हॉस्पिटल. बहुतेक वेळा हवा आपोआप जिरते, पण ती छातीपर्यंत उतरलेलीही असू शकते आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

गोळी खाऊन वाजवणं ही चूक मी वर सांगितलीच. गोळीने दुखणं जातं, खड्डा भरत नाही. पहिल्या आठवड्यात आत नुसतं कोवळं मांस धरत असतं, वरून हिरडी मिळून यायला तीन-चार आठवडे जातात आणि आतलं हाड भरायला कित्येक महिने. म्हणून परत वाजवून बघायच्या दिवशी गोळी घेऊ नका, दुखलं तर कळू दे. आणि घरात पडलेली डिस्प्रिन तर मनाने अजिबात नको, त्यात अ‍ॅस्पिरिन असतं, रक्त थांबायला त्रास होतो. ज्यांना हार्टसाठी डॉक्टरांनीच रोजची चालू केलीय त्यांनी मात्र मनाने बंद करू नये, दाढ काढायच्या आधीच विचारावं.

बधिर ओठावर वाजवणं ही क्लॅरिनेटवाल्यांची खास चूक. इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत जातो. पण खालच्या दाढेच्या बुडाशी ओठ-हनुवटीची नस जाते आणि आतल्या बाजूने जिभेची, ती दुखावली तर ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही जड आणि परकी लागते. बहुतेकांची आठवड्यांत-महिन्यांत परत येते, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बधिर असेल तर फोन करून सांगायचंच. आपण खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर रीड टेकवतो, तो ओठ जाणवतच नसेल तर दात किती रुतलाय ते कळत नाही, मग आतून फाटल्यावर रीडला लाल दिसतं तेव्हा समजतं. जिभेचं तर बोलायलाच नको, जिभेने सूर तोडताना ती कुठे लागतेय तेच कळत नाही. बासरीवाल्यांना वाटतं आपली सुटका, पण फुंकेचा कोन सगळा ओठावर असतो, सूर नुसता हवा-हवा येतो.

आता परत सुरू कसं करायचं. आधी आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील तर जबडा अजून आखडलाय, माउथपीस आत जाईल पण तुम्ही तो दातांनी आवळाल आणि दुसऱ्या दिवशी कानापुढे जबड्याचा सांधा दुखेल, आणि तुम्हाला वाटेल दाढच दुखतेय. तोंड उघडायचा हलका व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा करा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, घड्याळ लावून. खालचे सूर, लांब, हळू, वरचं सप्तक नाही. नेहमी तीन नंबरची रीड वाजवत असाल तर दोन किंवा अडीच घ्या, नंबर कमी तेवढी रीड मऊ, आवाज पातळ येईल, येऊ दे. गाल फुगवायचे नाहीत, आणि जॅझ ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीसारखे गाल फुगवून वाजवायची हौस असेल तर ती दोन महिने पुढे ढकला. झालं की थांबून जिभेवर खारट चव येतेय का बघा, आली तर रक्त आहे, त्या दिवशी बंद. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, ठणका नसेल तर दहा मिनिटं, त्याच्या पुढच्या सकाळीही नसेल तर परत दहाच. माझं चौथ्या दिवशी थोडं ठणकलं, दोन दिवस मागे गेलो, पुढे नीट झालं. पूर्ण वरात वाजवायला मला दाढ काढल्यापासून सहा आठवडे लागले.

वाजवणं झाल्यावर खड्ड्यात अन्न अडकलंय का तेही बघत जा, पोह्यातली मोहरी आणि तीळ यांना तो खड्डा फार आवडतो. काडीने कोरू नका. डॉक्टरांनी दिली असेल तर बोथट सुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडायचं, तेही ते सांगतील त्या दिवसापासून. घरातलं लवंगेचं तेल कापसावर घेऊन आत कोंबायचं नाही, हिरडी भाजते, क्लिनिकमधली पट्टी वेगळी असते. आणि दाढ काढायच्या आधी तोंडात पू-सूज असताना वापरलेली रीड फेकून द्या, शंभर-दोनशे रुपये वाचवून काय मिळणार. माउथपीस साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, गरम पाण्यात टाकू नका, एबोनाइटचा (कडक काळं रबर, माउथपीस बहुतेक त्याचाच असतो) रंग उडतो. बँडात एकाचं वाद्य दुसरा तोंडाला लावतो ते निदान महिनाभर तरी टाळा.

तारीख कधीची घ्यायची यावर मास्तरांचं आणि माझं शेवटी एकमत झालं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू, तेव्हा नाही. गणपतीच्या तोंडावर तर अजिबात नाही. विसर्जन झालं की पितृपंधरवडा लागतो, सुपारी एकही नसते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी दाढ काढली तर घटस्थापनेपर्यंत जवळपास दोन आठवडे मिळतात. सनईवाल्यांनी आणि ट्रम्पेटवाल्यांनी नवरात्र सोडून द्यावं, दसऱ्यानंतर वाजवावं. माझी डावी दाढ मी यंदा अशीच काढली आणि काही झालं नाही.

आणि हो, शंख. वाद्य बंद ठेवतात पण आरतीला शंख फुंकतात, वाढदिवसाला पोरांचे फुगे फुगवतात, सकाळी भस्त्रिका-कपालभाती करतात. हे सगळं तेवढंच बंद. आमच्या घरी शंख मी वाजवायचो, या वेळी तो पुतणीकडे दिला, पहिले दोन दिवस तिच्याकडून नुसती फुर्र फुर्र यायची, आता चांगला लांब वाजवते आणि मला परत द्यायला तयार नाही.