रोबोटिक पॅकिंग लाइनवर या चुका टाळा

औषधांच्या पॅकिंग लाइनवर रोबोट बसला की दोन प्रकारची माणसं दिसू लागतात. काही जण त्याला हात लावायलाच घाबरतात. काही जण टीच पेंडंट (रोबोटला जागा शिकवायचा हातातला रिमोट) हाती आलं रे आलं की आकडे बदलायला घेतात. पहिल्यांच्या हातून लाइन फारशी बिघडत नाही, त्यामुळे हा लेख दुसऱ्यांसाठी आहे.

ब्लिस्टर वाकडं पडतंय? पॉइंट बदल!

नाही. आधी हात खिशात घाला.

डेल्टा रोबोट, म्हणजे वरून लटकणारा, बारीक हातांचा रोबोट, त्याच जागी परत येताना साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका इकडेतिकडे होतो. लहान सहा अक्षांचा रोबोट तर त्याहूनही काटेकोर. काल नीट ठेवलेलं ब्लिस्टर, म्हणजे गोळ्यांची पट्टी, आज दोन मिलिमीटर बाजूला पडत असेल, तर बहुतेक वेळा रोबोट जागेवरच असतो आणि दुसरं काहीतरी हललेलं असतं. ग्रिपरचा (माल पकडणाऱ्या टोकाचा) बोल्ट सैल होतो, प्रॉडक्टनुसार बदलायचा चेंज पार्ट नीट बसत नाही, कन्व्हेयरचा गाइड सरकतो. रोबोट कुठे धडकला असेल किंवा हाताची जागा मोजणाऱ्या एन्कोडरची बॅटरी संपून त्याचं शून्य हरवलं असेल, तर गोष्ट वेगळी. पण ते रोजरोज घडत नाही.

एका प्लांटमध्ये ब्लिस्टर उचलून कार्टनरच्या (खोक्यात माल भरणाऱ्या मशीनच्या) बकेटमध्ये ठेवणारा डेल्टा होता. डावीकडचं ब्लिस्टर बकेटच्या भिंतीला अडायचं. रात्रपाळीवाल्याने पॉइंट, म्हणजे रोबोटला शिकवलेली ठेवायची जागा, एक मिलिमीटर आत घेतला. सकाळी चेंजओव्हर झाला, म्हणजे लाइन दुसऱ्या प्रॉडक्टसाठी बदलली, आणि उजवीकडचं ब्लिस्टर अडू लागलं, म्हणून सकाळच्या माणसाने तो परत बाहेर ढकलला. लॉगबुकमध्ये दोघांचीही नोंद एकाच चालीची: ‘पोझिशन ॲडजस्ट केली.’ का केली, किती केली, काही नाही. असं काही आठवडे चाललं. मला बोलावलं तोवर प्रत्येक प्रॉडक्टच्या रेसिपीत (साठवलेल्या सेटिंगमध्ये) वेगळा ऑफसेट जाऊन बसला होता, आणि ‘रोबोटच खराब निघाला’ यावर सगळ्यांचं एकमत झालेलं होतं.

प्रॉडक्टनुसार बदलायची फॉरमॅट प्लेट काढली. खाली बेसवर, प्लेट जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिनला लागून ॲल्युमिनियम फॉइलच्या कातरणीचा घडी पडलेला तुकडा होता, दाबला जाऊन आरशासारखा गुळगुळीत झालेला. दर चेंजओव्हरला तो थोडा सरकायचा आणि प्लेट दर वेळी वेगळ्या बाजूला कलायची. चिमट्याने काढून टाकला, बेस पुसला. एवढंच.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. प्लेट सरळ बसल्यावर सगळ्या रेसिपी चुकीच्या ठरल्या, कारण त्या वाकड्या प्लेटला जुळवलेल्या होत्या. क्वालिफिकेशनच्या, म्हणजे लाइन तपासून मंजूर केली त्या वेळचे मूळ आकडे हवे होते, पण बॅकअपही त्याच बदललेल्या रेसिपींचा घेतला गेला होता. डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची चौकशी, उघडलं, प्रत्येक प्रॉडक्ट नव्याने तपासावं लागलं, आणि क्यूएवाले (गुणवत्ता विभागाचे लोक) ‘कोणाच्या परवानगीने?’ हा एकच प्रश्न सगळ्यांना विचारत फिरत होते. बरोबरच विचारत होते.

माझी सवय सांगतो. मशीनच्या फ्रेमवर, कोणी हलवणार नाही अशा जागी, एक टोकदार पिन बसवून घेतो. शंका आली की ग्रिपर काढून तिथे तसंच टोकदार टूल लावायचं आणि मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आतल्या वेगाने, त्या पिनपर्यंत न्यायचं. टोकाला टोक भिडलं तर रोबोट निर्दोष, शोध दुसरीकडे घ्या. ग्रिपरच्या बोल्टांवर आवळून झाल्यावर पेंट मार्करने डोक्यापासून प्लेटपर्यंत रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायचा, पेंडंट नाही. मूळ आकड्यांची सही केलेली छापील प्रत फाइलला असतेच. यावर हसणारे पुष्कळ भेटतात. अडचणीत तीच प्रत मागायला येतात.

कॅमेरा उगाच रिजेक्ट करतोय

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘जरा सेन्सिटिव्हिटी कमी करू का?’

रिकामा कप्पा किंवा तुटकी गोळी शोधणारा कॅमेरा कालपर्यंत नीट चालत होता आणि आज चांगल्या ब्लिस्टरनाही बाहेर काढतोय, तर बहुतेक वेळा बदललेला असतो तो प्रकाश. काचेवर गोळ्यांची भुकटी बसली असेल, लाइट जुना होऊन मंदावला असेल, कोणीतरी पॅनेल उघडं ठेवल्याने बाहेरचा उजेड फिल्मवर चमकत असेल. काच पुसायला एक मिनिट लागतं. ते मिनिट वाचवायला जो आकडा सैल करतो, तो खराब ब्लिस्टरला रुग्णापर्यंत जायची वाट मोकळी करतो. ‘टार्गेट होतं’ हे उत्तर मला चालत नाही.

दुसरं, चॅलेंज टेस्ट, म्हणजे मुद्दाम खराब ब्लिस्टर सोडून कॅमेऱ्याची परीक्षा, करताना स्क्रीनवर लाल चौकट आली की लोक खूश होऊन निघून जातात. लाल चौकट म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलं. ब्लिस्टर रिजेक्ट बिनमध्ये पडलं का? मी एक गोळी कमी असलेलं, तुटक्या गोळीचं आणि दुसऱ्याच रंगाच्या गोळीचं अशी खूण केलेली नमुन्याची ब्लिस्टर सोडतो आणि मग बिनचं कुलूप उघडून ती हातात घेऊन मोजतो. बॅचच्या सुरुवातीला, शेवटी आणि लाइन बराच वेळ बंद राहून पुन्हा सुरू झाली की. रिजेक्टची खात्री करणारा सेन्सर आहेच, पण तोही धुळीने आंधळा होतो.

चालू लाइनवरून हाताने उचलाउचली

युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत ९ फेब्रुवारी २०१९ पासून प्रिस्क्रिप्शनच्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पाकिटावर स्वतंत्र क्रमांकाचा डेटा मॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी) कोड लागतो. ॲग्रिगेशन असलेल्या लाइनवर रोबोट कार्टनांचा थर शिपरमध्ये (पाठवणीच्या मोठ्या खोक्यात) ठेवतो, कॅमेरा तो थर वाचतो आणि कोणता क्रमांक कोणत्या शिपरमध्ये गेला याची नोंद होते. वाचन झाल्यावर कोणी ‘एक कार्टन चेपलंय’ म्हणून ते काढून त्या जागी शेजारचं ठेवलं, तर शिपर भरलेला दिसतो आणि नोंद खोटी ठरते. नमुना काढायचा असो वा चेपलेलं बदलायचं असो, सिस्टिममध्ये तो क्रमांक आधी रद्द करा, मग हात घाला. मेनू किचकट आहे, मान्य.

व्हॅक्यूम वाढवून काम भागवणं

ब्लिस्टर सुटतंय म्हणून व्हॅक्यूम वाढवू नका. झाकणाची फॉइल २०–२५ मायक्रॉनची असते, जोराने ओढली की तिला खळगा पडतो. सक्शन कपची कड बोटाने चाचपा. तिथे चीर किंवा कडकपणा लागेल. कप बदलायचे तर अख्खा सेट बदला. एकच नवा लावला की तो बाकीच्यांपेक्षा उंच राहतो आणि सगळं वजन तिरकं उचललं जातं.

यातलाच भाऊ: बसत नाही म्हणून झेड (उंचीचा आकडा) खाली घेऊन रोबोटनेच माल दाबणं. डेल्टाची रचना रेमों क्लाव्हेल यांनी १९८० च्या दशकात लोझानला केली ती चॉकलेटं उचलून खोक्यात भरण्यासाठी. हलकी वस्तू झटपट हलवायला तो बनला आहे, ठोकून बसवायला नाही. अनेक डेल्टांमध्ये हाताचे दांडे स्प्रिंगने धरलेले असतात. जोर लागला की दांडा निसटून प्रॉडक्टवर पडतो.

बाकीच्या, थोडक्यात

कार्टन उघडत नाही म्हणून सक्शन आर्मचं टायमिंग बदलण्याआधी कार्टनचा गठ्ठा बघा. महिनोन्महिने चपटा पडून राहिलेला पुठ्ठा घडीतच राहू पाहतो. वापरायच्या आधी माल पॅकिंग हॉलच्या हवेत राहू द्या.

दरवाजा उघडा असतानाही लाइन चालावी म्हणून गार्डच्या दरवाजाच्या स्विचला चुंबक चिकटवणाऱ्याला लाइनवर उभं करू नये. यावर चर्चा नाही.

नवं प्रॉडक्ट पहिल्याच तासात फुल स्पीडला नेऊ नका. सावकाश चालवताना जो आवाज ऐकू येतो, तो नंतर ऐकू येत नाही.

आणि लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना याची तपासणी, करताना वर बघा. सगळे टेबल बघतात, कन्व्हेयरखाली टॉर्च मारतात, बिन रिकामी करतात. रोबोट मात्र बॅच संपताना थांबला तो थेट होम पोझिशनला, डोक्याच्या वर, ग्रिपरमध्ये आधीच्या प्रॉडक्टचं एक ब्लिस्टर धरून. नव्या बॅचचं पहिलं सायकल सुरू झालं की ते सरळ नव्या कार्टनमध्ये जातं. मी व्हॅक्यूम बंद करून कप रिकामे दिसल्याशिवाय क्लिअरन्सच्या कागदावर सही करत नाही, आणि ती ओळ चेकलिस्टमध्ये छापूनच घेतो.