भोंगा वाजला की शेजारी कुठे पळतो?

न्यू जर्सीत नवीन राहायला आलेल्यांचा पहिल्या महिन्यातला एक प्रश्न ठरलेला असतो. रात्री दोन-अडीचला गावात भोंगा वाजतो. गिरणीचा वाजायचा तसाच, खालून वर चढत जाणारा आणि पुन्हा उतरणारा. बाळ दचकून उठतं. सकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "हे काय प्रकरण आहे आणि तक्रार कुठे करायची?"

मी केली होती तक्रार. वीसेक वर्षांपूर्वी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावाच्या नगरपालिकेच्या, सभेला गेलो आणि लोकांना बोलायची वेळ आली तेव्हा उभा राहून तीन मिनिटं भोंग्याविरुद्ध बोललो. समोर बसलेल्या पाचही जणांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यातले दोघे त्याच भोंग्यावर अंथरुणातून उठून आग विझवायला पळणारे स्वयंसेवक होते, हे मला नंतर कळलं. माझ्या शेजारचा प्लंबरही त्यांच्यातलाच. रात्री त्याच्या पिकअपवर निळा दिवा का लुकलुकतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

आपल्याकडे आग म्हणजे १०१ फिरवायचा, महापालिकेचा बंब येणार, बंबावर पगारी जवान असणार. इथे ९११ फिरवायचा एवढंच सारखं. नेवार्क, जर्सी सिटी अशा शहरांत पगारी दल आहे, काही ठिकाणी दिवसा पगारी आणि रात्री स्वयंसेवक अशी सरमिसळ आहे. पण राज्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि त्यातल्या लहान-मध्यम गावांत बंबावर चढणारा माणूस बहुधा दिवसा शाळेत शिकवत असतो, ट्रक चालवत असतो किंवा कोड लिहीत असतो. ही पद्धत या भागात फार जुनी. शेजारच्या फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये युनियन फायर कंपनी काढली, तेव्हापासूनची म्हणा.

'कंपनी' या शब्दाने आधी गोंधळ होतो. मी आईला फोनवर सांगितलं की इथल्या फायर कंपनीत घेतलं मला, तर तिचा पहिला प्रश्न, "पगार किती वाढला?" ही कंपनी म्हणजे आपल्या भाषेत मंडळ. नोंदणी केलेली ना-नफा संस्था, तिची घटना, अध्यक्ष, खजिनदार, मासिक सभा, आणि सभेत गेल्या वर्षीच्या हिशेबावरून होणारी भांडणं. इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं.

वेगळेपण पुढे आहे आणि ते नीट समजून घ्या, कारण इथला सगळा स्थानिक कारभार त्याच गाठीवर उभा आहे. न्यू जर्सीचा कायदा म्हणतो की ज्या नगरपालिकेचं पगारी किंवा अंशतः पगारी दल नाही, ती ऑर्डिनन्स करून, म्हणजे स्थानिक कायदा करून, स्वयंसेवी कंपनीशी करार करू शकते. करार झाला की आग विझवताना ही माणसं नगरपालिकेच्या देखरेखीखाली असतात आणि त्यांचं काम सरकारी काम समजलं जातं. पण कंपनीचा चीफ कोण, हे मात्र महापौर ठरवत नाही. चीफ निवडायचा हक्क कंपनीच्या घटनेप्रमाणे सभासदांकडेच राहतो. एक हात नगरपालिकेचा, एक हात मंडळाचा, आणि बंबाचं स्टिअरिंग दोघांच्या मध्ये. इमारत बहुतेकदा कंपनीची, बंब पालिकेचा, डिझेल पालिकेचं, कॉफी कंपनीची. भांडणं कुठे होत असतील, याची कल्पना आली असेलच.

काही टाउनशिपमध्ये आणखी एक थर असतो, फायर डिस्ट्रिक्ट. साउथ ब्रन्सविक, मन्रो, फ्रँकलिन, पिस्कॅटवे इथे आपली बरीच घरं आहेत आणि तिथे ही पद्धत आहे. डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र करवसुली असलेली छोटी सत्ता आहे. तिच्यावर पाच निवडून आलेले फायर कमिशनर असतात, मुदत तीन वर्षांची, दरवर्षी थोडे थोडे बदलतात. घर घेतल्यावर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर शाळा, काउंटी, नगरपालिका यांच्याखाली फायर डिस्ट्रिक्टची एक वेगळी ओळ दिसली, तर दचकू नका. तो तुमच्या बंबाचा पैसा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी उत्साही तरुण मला म्हणतो, "काका, आपल्या भागात आपली इतकी माणसं आहेत, आपणच एक फायर कंपनी काढू या." मला याचं कौतुक वाटतं. चार मराठी डोकी जमली की मंडळ काढायची सवय साता समुद्रापार टिकून आहे. पण ढोल-ताशा पथक आणि फायर कंपनी यांत फरक आहे. डिस्ट्रिक्टच्या हद्दीत नवीन कंपनी काढायची तर आधी कमिशनरांच्या मंडळाकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि त्यावर सह्या करणाऱ्यांनी आपण हे काम बिनपगारी करू असं लिहून द्यावं लागतं. मंडळाने मान्य केलं तर कंपनी, नाही तर नाही. झाली तरी देखरेख त्यांचीच. डिस्ट्रिक्टच नसेल आणि नवी हवी असेल, तर नोंदणीकृत मतदारांपैकी ५ टक्के किंवा २० मतदार, यांपैकी जो आकडा मोठा तितक्यांनी अर्ज केल्यावर नगरपालिका त्यावर विचार करते, मग जाहीर सुनावणी, मग ऑर्डिनन्स. मतदार म्हणजे नागरिक, हे लक्षात घ्या. ग्रीनकार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या दोनशे जणांच्या सह्या तिथे चालत नाहीत.

आणि कागद जमले तरी बंब कुठून आणणार? नवा पंपर आज दहा लाख डॉलरच्या घरात जातो. आधीच असलेल्या कंपन्यांना माणसं मिळत नाहीत अशी स्थिती असताना नवी काढणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच. जवळची कंपनी शोधा आणि तिच्यात शिरा.

शिरणं सोपं आहे, टिकणं अवघड. ड्रिलची रात्र आठवड्यातून एक ठरलेली असते आणि त्या रात्री फायरहाऊसचं, म्हणजे बंबखान्याचं, मोठं दार उघडं असतं. त्या वेळी जा, नाव सांगा, अर्ज मागा. वय १८ पूर्ण हवं. १४ वर्षांपासूनच्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी ज्युनियर गट असतो, त्यांना प्रत्यक्ष आगीत पाठवत नाहीत. अर्जासोबत पार्श्वभूमीची तपासणी होते. जाळपोळीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला आत घेता येत नाही. हा नियम ऐकून हसू येतं, पण आगीचं वेड असलेली माणसं बंबाच्या आसपास घुटमळतात, त्यातून तो आला आहे. मग सभासदांचं मतदान. काही जुन्या कंपन्यांत अजूनही लाकडी पेटीत पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून गुप्त मत देतात. माझ्या वेळी पेटी फिरत असताना मला बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. दहावीच्या निकालालाही मी इतका घाबरलो नव्हतो.

नंतर फायरफायटर वनचा, म्हणजे आग विझवण्याच्या पायाभूत प्रशिक्षणाचा, अभ्यासक्रम. मिडलसेक्स काउंटीतल्यांसाठी तो सेअरव्हिलच्या अॅकॅडमीत होतो. कित्येक महिने आठवड्याच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार त्यात जातात, फी बहुधा कंपनी किंवा डिस्ट्रिक्ट भरते. घरच्यांशी आधी बोला. मी बोललो नव्हतो, आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या फराळाला मी धुराच्या वासासकट पोचलो, हे घरी अजून निघतं. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे दाढी. हवेच्या सिलिंडरचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, मध्ये केस आले की हवा गळते, म्हणून नियमाने तिथली दाढी चालत नाही. मिशी बऱ्याचदा वाचते.

गुडघे कुरकुरत असतील किंवा पन्नाशी उलटली असेल तरी परत फिरू नका. फायर पोलीस म्हणून रस्त्यावरची वाहतूक वळवायला माणसं लागतात. आणि खरी टंचाई वेगळीच आहे, ती कागदाची कामं करणाऱ्यांची. दरवर्षी कराचं विवरणपत्र भरायचं, फेडरल अनुदानाचे अर्ज लिहायचे, प्रत्येक फेरीची नोंद संगणकात घालायची. आपल्या लोकांना हे डोळे मिटून जमतं. गावातल्या प्लंबरला नोझल कळतं, पण त्याला एक्सेल दाखवलं की तो पळतो. निधी जमवण्यासाठी रॅफल किंवा इथे ज्याला ट्रिकी ट्रे म्हणतात तो बक्षिसांच्या सोडतीचा कार्यक्रम करायचा तर राज्याच्या संधीच्या खेळांवरच्या नियंत्रण आयोगाकडे नोंदणी लागते आणि शिवाय नगरपालिकेचा परवाना. गणपती मंडळाची लकी ड्रॉ काढणाऱ्यांनीही हे वाक्य दोनदा वाचावं.

निळ्या दिव्याबद्दल. तो गाडीवर लावायला परवाना लागतो आणि तो मिळाला म्हणून तुम्ही राजे होत नाही. लाल सिग्नल, वेगमर्यादा, सगळं तुम्हाला तसंच लागू राहतं. दिवा म्हणजे इतरांना केलेली विनंती आहे. नव्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात सांगावं लागतं.

मिळतं काय, हे विचारायला कुणी लाजू नये. काम करताना, ड्रिलमध्ये किंवा कॉलवर जाताना इजा झाली तर कामगार भरपाईचं संरक्षण स्वयंसेवकालाही असतं. सात वर्षं ठरलेल्या प्रमाणात हजेरी लावली की 'एक्झेम्प्ट' प्रमाणपत्र मिळतं. जुन्या काळी अशा माणसाला ज्युरी आणि मिलिशियाच्या कामातून सूट असायची, त्यावरून ते नाव. शिवाय लोसॅप नावाची योजना आहे. वर्षभराच्या हजेरीचे गुण जमले की तुमच्या नावावर निवृत्तीसाठी काही रक्कम जमा होते. १९९८ पासून ही सोय आहे, पण ती आपोआप नसते. गावाने किंवा डिस्ट्रिक्टने ती आणायची ठरवली आणि मतदारांनी मतपेटीतून होकार दिला तरच लागू होते.

इथेच व्हिसावाल्यांनी थांबायचं आहे. एच-वन-बीवर असताना बिनपगारी सेवा करणं आणि त्याबदल्यात काही घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोसॅपची जमा, प्रत्येक कॉलमागे मिळणारे काही डॉलर, असं काहीही स्वीकारण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. फायरहाऊसमधला कुणी म्हणेल, "अरे, काही होत नाही." तो या देशात जन्मला आहे. त्याला काही होत नाही हे खरंच.

बंबावर चढायचंच नाही असं ठरवलंत तरी फायर ऑफिशियल, म्हणजे अग्निसुरक्षा तपासणारा स्थानिक अधिकारी, तुम्हाला भेटणारच. एक किंवा दोन कुटुंबांचं घर विकताना किंवा नवा भाडेकरू येताना स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक नळकांडं यांचं प्रमाणपत्र लागतं. नळकांडं स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत, दिसेल असं हवं. कपाटात ठेवलेलं बाद होतं. घरमालक प्रमाणपत्र न दाखवता किल्ली देत असेल तर मागा. आणि वास्तुशांतीला होम करणार असाल तर अलार्म काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्या खोलीतला तेवढ्यापुरता झाका, खिडक्या उघडा आणि होम संपल्यावर पहिली आठवण त्याची ठेवा. अपार्टमेंटमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये होम असेल तर आधी फायर ऑफिशियलच्या कचेरीत विचारा. उघड्या ज्वाळेला परवाना लागू शकतो. मी स्वतः अशा दोन घरी बंबासकट पोचलो आहे. दोन्हीकडे आम्हाला प्रसाद मिळाला, पण भटजी वैतागले होते.

नागरिक झालात की एक तारीख कॅलेंडरवर टाका. फायर डिस्ट्रिक्टची निवडणूक परंपरेने फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी असते, मतदान दुपारी २ ते रात्री ९. काही डिस्ट्रिक्टनी ती नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीला जोडून घेतली आहे, तुमची कोणती ते पाहून घ्या. फेब्रुवारीच्या निवडणुकीत कमिशनरांसोबत अंदाजपत्रकावरही थेट मत द्यायचं असतं. लोकांनी ते फेटाळलं तर ते नगरपालिकेकडे जातं आणि कात्री तिथे चालते. फेब्रुवारीतल्या मतदानाला इतकी थोडी माणसं येतात की तुमच्या एका सोसायटीतली पाच-दहा घरं गेली तरी निकाल हलतो. भोंगा रात्री वाजवायचा की फक्त पेजरवर भागवायचं, हेसुद्धा अखेर अशाच सभांमध्ये ठरतं. आमच्याकडे रात्रीचा भोंगा बंद झाला तो माझ्या तीन मिनिटांच्या भाषणाने नाही, त्यानंतर सहा वर्षांनी झालेल्या ठरावाने. त्या ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होतो, आणि प्लंबर विरोधात होता. पेजरची बॅटरी संपली तर, असं त्याचं म्हणणं. एकदा ती खरंच संपली होती.

मतदानाला जाताना मुलांना घेऊन जा. फायरहाऊसच्या मागच्या बाजूला बंब उभे असतात, कुणीतरी त्यांना वर बसवून हेल्मेट घालायला देतो, आणि कॉफी फुकट असते. साखर आधीच घातलेली असते, तेवढं सांभाळा.