डिस्क इमेज मध्येच अडकते? बॅकअप पुन्हा सुरू करण्याआधी या चुका टाळा

इमेज बॅकअप (अख्ख्या डिस्कची फाइलमध्ये घेतलेली जशीच्या तशी प्रत) निम्म्यापुढे गेला आणि एरर देऊन थांबला, की बरेच जण तोच बॅकअप पुन्हा सुरू करतात. तरी जमलं नाही तर एक्सटर्नल ड्राइव्ह सरळ फॉरमॅट करतात. हे करू नका. त्या ड्राइव्हवर जुनी, धडधाकट इमेज असेल तर तीही जाईल, आणि खराबी मूळ डिस्कमध्येच निघाली तर हाती काहीच उरणार नाही. आधी दोष कुठला ते ठरवा: मूळ डिस्कचा, मधल्या केबलचा, की एक्सटर्नल ड्राइव्हचा.

याचं निम्मं उत्तर बॅकअप प्रोग्रॅमच्या लॉगमध्येच, म्हणजे नोंदींमध्येच असतं. इमेज बनताना रीड एरर आला तर संशय मूळ डिस्कवर, राइट एरर आला तर एक्सटर्नल ड्राइव्ह किंवा केबलवर. व्हेरिफाय करताना, म्हणजे बनलेली इमेज तपासताना मात्र उलट असतं, कारण तेव्हा एक्सटर्नल ड्राइव्ह वाचला जात असतो. व्हेरिफाय दर वेळी वेगळ्याच जागी फसत असेल तर केबल बदलून बघा आणि मेमटेस्ट लावून रॅमही तपासा. रॅममधला दोष इमेज गुपचूप बिघडवतो.

खराब डिस्कवर आधी चेकडिस्क चालवणं

चेकडिस्क म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ डिस्क उघडा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' हा आकडा बघा. तो शून्याच्या वर असेल तर काही सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) डिस्कला वाचता येत नाहीयेत. अशा वेळी दुरुस्तीसाठी चेकडिस्कचा पूर्ण स्कॅन लावला तर आधीच थकलेली डिस्क तासन् तास रगडली जाते आणि फाइल सिस्टिममध्ये बदलही होतात. आधी डेटा बाहेर काढा. लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालू होतं असा पेनड्राइव्ह) जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम वापरा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि मॅपफाइलमध्ये सगळी नोंद करतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी पुढे तिथूनच चालू करता येतं. दुरुस्तीचे प्रयोग नंतर, तेही कॉपीवर.

क्रिस्टलडिस्कइन्फोमधला 'सीआरसी एरर काउंट' (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर गोष्ट बरीच सोपी आहे. आतल्या साटा डिस्कच्या बाबतीत बहुतेकदा केबल सैल किंवा खराब असते.

जागा असूनही 'जागा नाही'

फाइल बरोबर ४ जीबीजवळ थांबली तर ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ आहे. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. इमेजचे तुकडे करण्याची सोय वापरा किंवा ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, अर्थात त्यावरचं सगळं दुसरीकडे हलवल्यावरच.

दुसरा प्रकार जास्त गोंधळात टाकतो. विंडोजची स्वतःची सिस्टिम इमेज 'पुरेशी जागा नाही' म्हणते आणि एक्सटर्नल ड्राइव्ह तर अर्धा रिकामा असतो. कमतरता असते मूळ डिस्कवरच्या छोट्या रिकव्हरी किंवा रिझर्व्ह्ड पार्टिशनमध्ये. बॅकअप घेताना विंडोज शॅडो कॉपी (डिस्कची त्या क्षणाची स्थिती) जपून ठेवतं; त्यासाठी ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशनमध्ये किमान ५० एमबी मोकळी जागा लागते, त्याहून मोठ्यात ३२० एमबी. तसंही ही सोय पुढे विकसित करणं मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच थांबवलं आणि दुसऱ्या कंपन्यांची साधनं वापरायला सांगितलं. नव्याने सुरुवात करत असाल तर तिच्यावर विसंबू नका.

हब, झोप आणि अर्धवट शटडाउन

ड्राइव्ह मध्येच 'गायब' होत असेल तर हब काढा, थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा आणि दुसरी, आखूड केबल घ्या. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. वेगळा अडॅप्टर नसलेल्या ड्राइव्हला हा फरक जाणवतो. पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणं) आणि स्लीप दोन्ही बॅकअपपुरतं बंद ठेवा.

क्लोनझिला हा इमेज बनवणारा प्रोग्रॅम 'पार्टिशन हायबरनेटेड आहे' म्हणून नकार देत असेल तर कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप; त्यामुळे शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा. जबरदस्तीचा पर्याय वापरू नका.

इमेज झाली, पण उपयोगाची आहे का?

फक्त सी ड्राइव्ह निवडला तर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्स असलेला छोटा भाग) मागे राहतं आणि रिस्टोअरनंतर मशीन बूट होत नाही. बूटसाठी लागणारी सगळी पार्टिशन्स घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की त्या कॉम्प्युटरबाहेर लिहून ठेवा. लॉक असलेल्या ड्राइव्हची रेस्क्यू यूएसबीवरून (विंडोजशिवाय मशीन बूट करून बॅकअप प्रोग्रॅम चालवायचा पेनड्राइव्ह) घेतलेली इमेज एन्क्रिप्टेड सेक्टरसकट आणि पूर्ण आकाराची होते.

मग इमेज माउंट करा (ड्राइव्हसारखी उघडा), चारदोन मोठ्या फाइल्स उघडून बघा. रेस्क्यू यूएसबी आजच बनवा आणि तिच्यावरून एकदा बूट करून आतली डिस्क आणि एक्सटर्नल ड्राइव्ह दोन्ही दिसतात का ते तपासा. काही लॅपटॉपवर इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज ड्रायव्हरशिवाय आतली एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. तो ड्रायव्हर त्याच यूएसबीवर टाकून ठेवा. सगळं तपासून झालं की ड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' करून बाजूला काढा, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या ड्राइव्हवरच्या इमेजही लॉक करतं.